इटलीच्या टाचेत मोटरहोम: दिवस 8 ते 13

बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेकडे चाललेल्या आमच्या प्रवासाची मागची नोंद व्हिएस्ते या किनाऱ्यावरच्या गावापाशी थांबली होती. त्यानंतर सहा रात्री, सुमारे पाचशे किलोमीटर, आणि आता गाडी टाचेच्या टोकाला, सांता मारिया दी लेउकाला उभी आहे.

या टप्प्यात एकच सुधारणा झाली, पण मोठी. रात्रीची जागा आम्ही आता दुपारच्या जेवणाआधी पक्की करतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि पाचलाच अंधारायला लागलं. समुद्रकाठची बरीच कॅम्पिंग या दिवसांत बंद असतात. अ‍ॅपवर जागा चालू दिसते, तिथे पोचावं तर फाटकाला साखळी. आठव्या दिवशी असं दोनदा झालं. तिसरी जागा शोधता शोधता एका गावाच्या बोळात शिरलो. गाडीची रुंदी 2.30 मीटर, आणि दोन्ही आरसे भिंतींना टेकायच्या बेतात. मी उतरून टॉर्च दाखवत राहिले आणि नवऱ्याने शंभरेक पावलं गाडी मागे घेतली. त्या रात्री जेवायचंही त्राण उरलं नव्हतं.

फुकटात रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी इटलीच्या वाहन कायद्याचं 185 वं कलम नीट समजून घ्यावं. गाडी फक्त चाकांवर उभी असेल, स्वतःच्या आकाराबाहेर जागा अडवत नसेल आणि सांडपाणी सोडत नसेल, तर ते पार्किंग. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर) उघडलं, बाहेर खुर्च्या मांडल्या, की झालं कॅम्पिंग. तरीही गावाने लावलेली नियमांची पाटी वाचल्याशिवाय इंजिन बंद करू नका.

मातेराला दोन रात्री शहराबाहेरच्या 'सोस्ता'त, म्हणजे मोटरहोमसाठीच्या थांब्यावर, काढल्या. कॅसेट (शौचालयाची टाकी) रिकामी केली, ग्रे वॉटर (धुण्या-भांड्यांचं सांडपाणी) सोडलं, पाण्याची टाकी भरली. सास्सी या मातेराच्या जुन्या वस्तीतल्या गुहाघरांतून 1952 च्या कायद्याने माणसं हलवली होती. आज तिथे खिडक्यांत दिवे दिसतात. ते बघायला संध्याकाळीच जा.

मनात राहिली ती गाल्लिपोलीजवळची अ‍ॅग्रीतुरिस्मोतली, म्हणजे शेतावरच पाहुण्यांना ठेवणाऱ्या जागेतली, रात्र. रस्ताभर ऑलिव्हची झाडं वाळून राखाडी झालेली, मैलोन् मैल. झायलेला नावाचा जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो, आणि एक छोटा किडा तो झाडाझाडांवर नेतो. 2013 मध्ये हा जिवाणू युरोपात पहिल्यांदा याच भागात सापडला. शेतमालकाने आम्हाला एका जाडजूड, मेलेल्या बुंध्याशेजारी गाडी लावायला सांगितली. आजोबांच्याही आधीचं झाड, म्हणाले, तोडवत नाही. पलीकडे लेच्चीनो आणि फाव्होलोझा या रोगाला तोंड देणाऱ्या जातींची कमरेएवढी रोपं रांगेत होती. रात्री त्यांनी भाजलेला पाव आणि नव्या हंगामाचं तेल आणून दिलं. हिरवं, घशाला झोंबणारं. निघताना पाच लिटरचा डबा घेतला. अशा ठिकाणी राहायचं तर काहीतरी विकत घेऊनच निघावं, असं मला मनापासून वाटतं.

लेउकात दीपगृहाखाली वारा फार आहे, गाडी रात्रभर हलत होती. तोंड वाऱ्याकडे करून लावल्यावर झोप लागली.

उद्या तारांतोमार्गे कालाब्रियाकडे, एसएस 106 या महामार्गाने किनारा धरून. पाणी एक तृतीयांश उरलंय, त्यामुळे पहिला थांबा नळ असलेलाच.