निळ्या झाकणाची नळी आणि बाबांचा मेल्ड स्कोअर

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. तरी त्यांना सिरोसिस झालाय, म्हणजे लिव्हर कडक होऊन हळूहळू निकामी होतं. सिरोसिस म्हटलं की लोक आधी दारूचंच विचारतात. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमुळेही सिरोसिस होतो, हे सांगून माझा घसा कोरडा पडलाय.

सोनोग्राफी, एंडोस्कोपी वगैरे नागपुरात आठवड्यात उरकलं. अडकलो मेल्ड स्कोअरपाशी. येत्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका, हे त्यावरून कळतं. ६ ते ४० असा आकडा, वाढेल तसा धोका वाढतो. ट्रान्सप्लांटच्या नोंदणीला तो लागतोच. त्यासाठी रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं), क्रिएटिनिन (किडनीचं), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि सोडियम, एवढंच तपासायचं. आम्हाला अकरा दिवस लागले.

आयएनआरचा रिपोर्टच येईना. "सॅम्पल रिजेक्ट झालं जी, उद्या या." का झालं, ते कोणी सांगेना. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, पोटात पाणी, पायांवर सूज, अशा अवस्थेत बाबांना पुन्हा ऑटोत बसवायचं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी रक्त घेणाऱ्या ताईंच्या शेजारी उभीच राहिले. निळ्या झाकणाच्या नळीवर खूण असते, रक्त तिथपर्यंत भरावंच लागतं. कमी भरलं की आतल्या सायट्रेटचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाचं, प्रमाण बिघडतं आणि आकडा चुकतो. बाबांची शीर सापडायची नाही, म्हणून नळी अर्धीच राहायची! एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? आयएनआर हाती आला, तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट जुना झाला म्हणून परत पाठवलं. चारही तपासण्या एकाच दिवशी करा, नळीकडे स्वतः बघा.

आणि सोडियम धरलं का, हे विचाराच. बाबांचा स्कोअर आधी १८ सांगितला होता. सोडियम १३१ होतं, ते धरल्यावर २२ झाला.

पण झोप, खाज, पायात येणारे गोळे या आकड्यात कुठेच नाहीत. बाबा दिवसा पेंगायचे, रात्री दोनला अंगणात फेऱ्या मारायचे. बँकेतली सही वाकडी यायला लागली, आम्ही म्हटलं वय झालं. डॉक्टरांनी हात पुढे ताणून धरायला लावले, तर पंजे फडफडले. लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होत होता. लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध वाढवलं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं. तेव्हापासून आम्ही वहीत सगळं लिहितो.

राहिलंच, रात्री उपाशी झोपू देऊ नका, निजताना थोडं खायला द्या. आणि पापड-लोणचं बंद.

काल बाबा दहाला झोपले. साडेपाचला उठून वहीत स्वतःच लिहिलं, "झोप चांगली." अक्षर सरळ आलंय.