पंख्याचं विमान

सोलापूरला विमान येतं यावर आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा अजून विश्वास बसलेला नाही. दिल्लीहून निघालो, गोव्यात विमान बदललं आणि होटगी रोडच्या आपल्या विमानतळावर उतरलो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आणि ती चिमणी?" अहो, विमानांच्या वाटेत आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ लाच पाडली. आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर तो व्हिडिओ पाहिला, एकमेकांना पाठवला, त्यावरून भांडलोही. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही विमान सुरू झालं. तरी प्रश्न चिमणीचाच. किंगफिशरचं विमान काही काळ येऊन बंद पडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी दोष देत नाही.

पोरगा गुडगावला असतो. त्याच्याकडून परत यायची आमची आजवरची वाट एकच, दिल्लीहून विमानानं पुणे आणि तिथून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात लोहगाव विमानतळावरून पुणे स्टेशनला पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि हुतात्मा चुकली की रात्रीची बस. आमच्या मंडळींचे गुडघे आता बसला तयार नाहीत. म्हणून पोरानं या वेळी दिल्ली ते गोव्यातलं मोपा आणि मोपा ते सोलापूर अशी तिकिटं काढली. मधे पाच तास. "एवढा वेळ कशाला रे?" म्हटलं, तर म्हणाला, "बाबा, दोन वेगळ्या कंपन्या आहेत. पहिलीला उशीर झाला तर दुसरी थांबणार नाही, पैसेही देणार नाही."

आणि त्याचं बरोबरच निघालं. तिकिटं वेगवेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही. मोप्याला पट्ट्यावरून बॅगा उचला, बाहेर या, प्रस्थानाच्या दारातून पुन्हा ओळखपत्र दाखवून आत जा, पुन्हा वजन, पुन्हा सुरक्षा तपासणी. दिल्लीहून निघायलाच जवळजवळ एक तास उशीर झाला होता, त्यामुळे पाचाचे चारच उरले. दीड-दोन तासांचं अंतर ठेवून असं तिकीट काढणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

मोप्याचा विमानतळ पेडणे तालुक्यात, एका उजाड पठारावर आहे. नाव मनोहर पर्रीकरांचं. समुद्र दिसेल म्हणून मंडळी खिडकीजवळ जाऊन आल्या आणि "हे तर आपल्या मंगळवेढ्यासारखंच" म्हणून परत बसल्या. मग डबा उघडला. सुनेनं धपाटे दिले होते आणि शेंगा चटणी आमचीच, जाताना नेलेली त्यातली उरलेली. चटणीच्या वासानं शेजारच्या बाकावरचं जोडपं वळून बघायला लागलं. डिचोलीचे होते, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेले. दर वर्षी गाडीनं जायचे, आंबोली चढून, मिरज, सांगोला करत. पूर्ण दिवस मोडायचा. गाणगापूरही करणार होते, परतीला तुळजापूर. त्यांचं कोंकणी आणि आमचं सोलापुरी, पण चटणीपुरतं सगळ्यांना सगळं समजलं. गोव्याच्या विमानाला सोलापूरकरच जास्त असतील, समुद्रावर जाऊन येणारे, अशी माझी समजूत. इथे तर निम्मी रांग देवदर्शनाची.

इतक्यात दोस्ताचा फोन. "कुठं हाईस बे?"

"गोव्यात."

"म्हातारपणी?"

फोन ठेवला.

आता विमानाचं सांगतो, कारण खरं लिहायला बसलो ते त्याचसाठी. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलं. दिल्लीच्या मोठ्या विमानात मला काही म्हणजे काही दिसत नाही. नळकांड्यातून आत शिरायचं, खुर्चीला बांधून घ्यायचं, नळकांड्यातून बाहेर. हे मात्र एटीआर ७२, पंख्याचं विमान. बसनं थेट त्याच्याजवळ नेऊन सोडलं. चढायचं मागच्या दारानं, चार-पाच पायऱ्यांवरून, कारण पुढे पायलटच्या पाठीमागे सामानाचा कप्पा असतो. आमची लाल परी उलटी करून तिला पंख लावावेत तसं.

पायऱ्यांकडे जाताना लक्षात आलं की इंजिनाचा आवाज तर येतोय, पण आमच्या बाजूचा पंखा गप्प उभा आहे. वाटलं, पलीकडचा फिरत असेल. आत जाऊन उजव्या खिडकीतून पाहिलं तर तोही उभा! सहा पाती, एकही हलत नाही, आणि इंजिन चालू. क्लच दाबून धरलाय म्हणावं तर एवढ्या ताकदीला क्लच कोण देणार? पोराला लगेच मेसेज टाकला. त्यानं शोधून पाठवलं ते असं : या विमानाला उभं असताना वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतंच. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. इंजिनात हवा दाबणारा भाग आणि पंखा फिरवणारी टर्बाइन यांच्यात लोखंडाचा दांडा जोडलेला नसतो, मधे फक्त गरम वायूचा झोत. म्हणून पंखा धरून ठेवला तरी इंजिन बंद पडत नाही. ह्याला ते हॉटेल मोड म्हणतात. नाव काहीही ठेवा, डोकं ज्याचं असेल त्याला सलाम. मंडळींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पट्टा लावा."

जागा कुठली घ्यावी हे सांगून ठेवतो. पंख्याच्या रांगेत आवाज फार, कानात कापूस घाला. मागे बसलात तर आवाज कमी आणि दार मागे असल्यामुळे उतरायला पहिला नंबर. पण चाकं बघायची असतील तर मधेच बसा, पंखाखाली. या विमानाचे पंख छपरावर असतात, त्यामुळे खाली काही झाकलं जात नाही, आणि चाकं पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत मिटतात. मी मधे बसलो होतो. वर डोक्यावर सामान ठेवायचा कप्पा मात्र लहान आहे. दिल्लीत बिनबोभाट वर गेलेली मंडळींची चाकाची बॅग इथे दारातच घेऊन खाली पाठवली.

सरळ रेषेत हे अंतर साधारण तीनशे किलोमीटर, म्हणजे तासाभराचं काम. विमान फार उंच जात नाही, त्यामुळे देश वाचता येतो. सह्याद्रीची हिरवी कड संपते कुठे ते चाकूनं कापल्यासारखं कळतं. मग उसाचे चौकोन, कृष्णेचं वळण, आणि जतच्या बाजूला एकदम रंग उतरतो. तपकिरी, मधेच एखादं शेततळं. भीमा आली तेव्हा मी मंडळींना उठवलं. डिचोलीचे काका मागून म्हणाले, "इतलें सुकें?" म्हटलं, पाऊस आमच्याकडे येतोय तो तुमच्याकडून उरलेला.

उतरताना चाक खाली आलं. जोडीचे टायर, अगदी हाताच्या अंतरावर वाटावेत असे, वाऱ्यात स्थिर लटकलेले. खाली होटगीकडची पत्र्याची शेडं, मग धावपट्टी. टेकताक्षणी टायरखालून पांढऱ्या धुराची फुंकर निघाली आणि थांबलेलं चाक डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण वेगानं फिरायला लागलं. टायर असेही झिजतात. आयुष्यभर टायरांचे हिशेब ठेवले, पण टायर झिजताना असं समोर कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. इमारत छोटी, पट्टा छोटा, बॅगा लगेच आल्या. डिचोलीच्या जोडप्याला अक्कलकोटची गाडी करून दिली. चाळीस किलोमीटर, संध्याकाळच्या आत पोचले असतील. आम्ही रिक्षा केली.

तिकीट किती पडलं हे शेजारी रोज विचारतात. पोरगा आकडा सांगत नाही. मंडळींनी तो सुनेकडून काढून घेतलाय, पण मला सांगायला तयार नाहीत, म्हणतात, ऐकलंत तर पुढच्या वेळी पुन्हा हुतात्मानं न्याल.