राउटरशेजारचं वारूळ

मुंगळे पाळतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पाळायचे कशाला? ते तर न बोलावता येतातच की." बरोबर आहे. आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्येही ते न बोलावताच आले.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सेकंड शिफ्ट संपवून अंबडहून घरी आलो, तर पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली पंखवाल्या मुंगळ्यांचा सडा पडलेला. त्यात बारीक, सडपातळ होते ते नर. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं असं म्हणतात, ते या बिचाऱ्यांना तंतोतंत लागू पडतं. मीलन झालं की त्यांचं काम संपतं आणि एक-दोन दिवसांत ते मरतात. राण्या मात्र ओळखू येतात. दीड सेंटिमीटरहून लांब, आणि पाठीचा भाग पैलवानासारखा फुगीर, कारण त्यात उडायचे स्नायू भरलेले असतात. मी दोन राण्या पकडल्या. एकीला अजून पंख होते. दुसरी पंख तोडून भिंतीच्या कडेने घाईघाईने चालली होती, भाड्याने खोली शोधणाऱ्या माणसासारखी.

घर म्हणून एक परीक्षानळी पुरते. तळाशी पाणी भरायचं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाला दुसरा बोळा. पहिल्या बोळ्यातून ओल मिळते, दुसऱ्यातून हवा. खायला काहीच द्यायचं नाही. आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा, शास्त्रातला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याची राणी पहिली पिल्लं वाढवताना बाहेर पडत नाही आणि काही खात नाही. आता उडायचं नसतं, म्हणून ती उडण्याचे स्नायूच आतल्या आत विरघळवते आणि त्यावर अळ्यांना भरवते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आईकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. तिने विचारलं, "काय, पैसे हवेत का?"

पंखवाली राणी मी टीव्हीजवळ ठेवली, म्हणजे येता-जाता दिसेल. दिवसातून दहादा नळी उचलायचो आणि मोबाइलचा टॉर्च मारायचो. चौथ्या दिवशी तिने पाच अंडी घातली. सहाव्या दिवशी तीनच उरली, आठव्या दिवशी एकही नाही. खाल्ली तिने. हादरे आणि उजेड यांनी बिथरलेली राणी असं करते. पुढच्या आठवड्यात ती मेली. तिने पंख टाकलेच नव्हते, तेव्हा मीलनच झालं नसेल अशीही शक्यता आहे, आणि मनाला बरं वाटावं म्हणून मी ती धरून ठेवतो.

दुसरीची नळी त्याच रात्री आईच्या शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि विसरलो. कंपनीत ऑडिट होतं, घरी फक्त झोपायला येत होतो. तीन आठवड्यांनी आई बॉबिन शोधत होती तेव्हा ती नळी तिच्या हाताला लागली. आत अळ्यांचा पुंजका आणि तांदळाच्या कण्यांसारखे तीन फिकट कोश. मी मुकाट्याने खण लावून घेतला.

२४ जुलैला पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. तो एक प्रसंग मला बघायला मिळाला. कोशातल्या मुंगीला स्वतःहून बाहेर येणं अवघड जातं, म्हणून राणी जबड्याने कोशाचं टोक कुरतडत होती. आतून आधी एक पाय आला, मग मिशा आल्या, आणि मग दुधात चहाचे दोन थेंब पडावेत अशा रंगाची एक मऊ, लडखडती मुंगी. अंगाचा काळा रंग दिवसागणिक चढत गेला. पहिल्या खेपेला सात झाल्या, सगळ्या खुरटलेल्या. राणीकडे शिदोरीच तेवढी. मोठ्या डोक्याच्या दांडग्या कामकरी पुढे वसाहत वाढली की येतात.

त्या वीस-पंचवीस झाल्यावर नळी अपुरी पडू लागली. घर बांधायला मुलीची शाडू माती कामी आली. गणपती करून उरलेली होती. प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात भिंतीला चिकटून शाडूच्या खोल्या आणि बोगदे केले आणि वरून पीओपी ओतलं. ते आवळल्यावर शाडू भिजवून चमच्याने काढली की पोकळ्या तयार. आठवडाभर वाळवायचं. मी चार दिवसांत उरकलं आणि भिंतींवर बुरशी आली, म्हणून सगळं पुन्हा. घराला जोडून अंगण म्हणून एक उघडा डबा असतो. खाणं तिथे ठेवायचं, मेलेल्या मुंग्या आणि कचराही त्या तिथेच एका कोपऱ्यात आणून टाकतात. अंगणाच्या काठाला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने लावायची. वाळली की तिच्यावर पाय टिकत नाहीत.

नाशिकच्या पावसाळ्यात मात्र ही पावडर दमट होऊन पापुद्र्यासारखी निघते, हे कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी आईच्या गुळाच्या डब्यात अकरा मुंगळे. तिने एकही मारला नाही. डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "लोक वारुळाला साखर घालायला रानात जातात. तू वारूळच घरी आणलंस, आता मोजून परत ठेव." मोजून परत ठेवले. तेव्हापासून पावसाळ्यात पावडरीच्या खाली व्हॅसलिनचा एक पट्टा असतो.

खाण्याचं सोपं आहे. मोठ्यांना गोड लागतं, अळ्यांना प्रथिनं. चार चमचे पाण्यात एक चमचा साखर, कापसावर थेंबभर. शिवाय उकडलेल्या अंड्याचा कण किंवा रॅकेटने मारलेले डास. घरातली झुरळं कधीच नाहीत, त्यांनी कुठलं औषध चाटलंय कोण जाणे. एकदा साखरपाण्यात जिलेबीचा रंग टाकला. पोट भरलेल्या मुंगीच्या काळ्या पट्ट्या ताणून एकमेकींपासून दूर होतात, आणि मधल्या पातळ कातडीतून केशरी रेघा दिसू लागल्या. ती आत गेली, दुसरीच्या तोंडाला तोंड लावलं, आणि तासाभरात बाहेर न आलेल्या मुंग्यांच्या पोटातही त्या रेघा दिसत होत्या. त्या दिवशी भात करपला, पण पोरगी आणि मी दोघेही जागचे हललो नाही.

डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की इकडे घरातही त्या मंदावतात. राणीचं अंडी घालणं जवळजवळ थांबतं. पहिल्या थंडीत मी घाबरून गरम पाण्याची पिशवी लावली, तर आत वाफ धरली आणि दोन मुंग्या थेंबात अडकून गेल्या. मग डबा नुसता वायफाय राउटरला टेकवून ठेवला. सकाळी बघतो तर सगळ्या अळ्या, सगळे कोश त्या एका भिंतीला नीट रचलेले. इंटरनेट बिलाचा इतका पुरेपूर वापर आमच्या घरात दुसरं कोणी करत नाही.

आता मामांचं. त्यांची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे, आणि मुंगळा म्हणजे त्यांच्या लेखी मिलीबगचा, म्हणजे वेलीचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाचा, रखवालदार. ते खोटं नाही. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा गळतो, तो मुंगळ्यांना हवा असतो, म्हणून मिलीबग खायला आलेल्या भुंगेऱ्यांना ते हुसकावतात. मग चिकटा घडांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि माल जातो. मामा खोडाची मोकळी साल काढतात, चिकटपट्ट्या बांधतात, आणि भाचा घरात त्याच मुंगळ्यांना साखर पाजतो. एकदा त्यांच्याकडची द्राक्षं आली, त्यातलं एक धुऊन मी अंगणात ठेवलं. सकाळी नऊ मुंग्या मेलेल्या. द्राक्षावरच्या फवारणीनेच मेल्या असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण फोनवर बोलून गेलो. "आमचा माल युरोपला जातो," मामा म्हणाले, "आणि तुझ्या मुंगळ्यांना चालत नाही?" दोन महिने बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात डॉक्टरकडे आले होते, तेव्हा घरी थांबले. डब्यावर मी लाल जिलेटिन कागद लावतो. मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्या अंधार समजून निवांत असतात आणि आपल्याला आतलं दिसतं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ डब्याला लावलं. चांगली दहा मिनिटं बघत होते.

"मोठी ती राणी?"

"हो."

"ही मेली की संपलं सगळं?"

"हळूहळू संपतं. नवी अंडी घालणारी उरत नाही."

"मग आमच्या बागेत ही बया असते कुठं?"

"बुडाशी, जमिनीत. वर दिसतात त्या नुसत्या कामकरी."

"म्हणजे वीस वर्षं मी मजूरच मारतोय," मामा म्हणाले, आणि चहा निवला तरी तिथून उठले नाहीत.