व्हेल शार्कची गॅरंटी कुणी देत असेल तर सरळ उठून निघा

बडोद्यात बसून मालदीवचं बुकिंग करणाऱ्यांनो, आधी पैशांचं ऐका, कारण माझं डोकं अजून तिथेच तापलेलं आहे. अलकापुरीतल्या एजंटाने ‘बेन, गॅरंटी! दिसणारच’ असं छातीठोक सांगितलं आणि बिलात ‘व्हिसा प्रोसेसिंग’ घुसवलं. मालदीवचा टुरिस्ट व्हिसा उतरल्यावर विमानतळावरच मिळतो, फुकट. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खोटी.

दुसरी मेख ‘प्लस प्लस’. खोली १०० डॉलर ++ म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, वर १७ टक्के जीएसटी, झाले १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय लहान गेस्टहाउसमध्ये माणशी रोज ६ डॉलर ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यावरण कर. जुलै २०२५ पूर्वीचे लेख वाचून हिशेब मांडू नका, तेव्हा जीएसटी १६ होता. ‘सगळं धरून किती’ हे लेखी घ्या.

आम्ही गेलो धिगुराला, दक्षिण आरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं). हे रिसॉर्ट नव्हे, लोकवस्तीचं बेट: दारू नाही, आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. मालेहून स्पीडबोटीने साधारण दोन तास. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य वारा जोरात असतो, बोट लाटेवरून उडते आणि आपटते. दादा हौसेने पुढे बसला आणि मणक्यातून कळा येईपर्यंत बसला. मागे बसा, उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्या. पाठीचं दुखणं असेल तर विमानाने जवळच्या मामिगिली बेटावर उतरा, जास्त पैसे गेले तरी.

आता मुख्य गोष्ट. व्हेल शार्क इथे वर्षभर असतात, बहुतेक वयात न आलेले नर. प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. गाइडने हे सगळं बोटीत सांगितलं. पाण्यात काय होतं ते कुणीच सांगितलं नाही. बोट प्रवाळाच्या बाहेरच्या कडेने रेंगाळत जाते, टपावरचा पोऱ्या पाण्यात काळी सावली शोधतो. सकाळभर काही नाही. मग एकदम ‘जंप, जंप!’ तोपर्यंत फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पर) आणि मास्क चढलेले नसतील तर संपलं. शेजारच्या सगळ्या बोटींनाही तीच सावली दिसलेली असते, आणि पाण्यात बडोद्याच्या मांडवीतल्या दिवाळीच्या बाजारासारखी रेटारेटी होते. माझ्या मास्कवर कुणाची तरी फिन बसली, नाकात पाणी गेलं. खाली बघितलं तर तळच नाही, नुसता निळा खड्डा. बडोद्याच्या लालबाग तरणतलावात मी सहज फेऱ्या मारते, पण त्याचा इथे शष्प उपयोग नाही. मासा आळसावल्यासारखा शेपूट हलवतो आणि आपण जीव तोडून पाय मारूनही मागे पडतो. लाइफ जॅकेट घातलं तर विसराच. वहिनी तरंगत राहिली आणि तिला फक्त लोकांचे पाय दिसले.

म्हणून स्पष्ट सांगते: खोल पाण्याची भीती असेल तर या सहलीवर पैसे घालू नका. निघण्याआधी महिनाभर फिन्स लावून पोहा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क घरूनच न्या. मागून धावू नका, माशाच्या पुढे, थोडं कडेला उतरवणारा गाइड मागा. आणि नियम पाळा: अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. आमच्या माशाच्या पाठीवर बोटीच्या पंख्याचे जुने व्रण स्पष्ट दिसत होते. हे पाहूनही त्याला चिकटायला जाणारे महाभाग होतेच.

दुपारी गर्दी पांगली. परतीच्या वाटेवर पुन्हा एक दिसला, आणि या वेळी शेजारी दुसरी बोट नव्हती. तो माझ्या खालून गेला. राखाडी पाठ, पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांची ती नक्षी प्रत्येकाची वेगळी. किती वेळ होता, सांगता येणार नाही. वर आले तेव्हा रडत होते की हसत होते, दादाला विचारा. एजंटाला तेवढ्यापुरतं माफ केलं होतं, बिल आठवेपर्यंत.

एक राहवत नाही म्हणून: हाच मासा आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळला येतो. पूर्वी यकृताच्या तेलासाठी मारायचे. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला ‘वहाली’, म्हणजे लाडकी, म्हणत मच्छीमारांना साद घातली, आणि आज तिथले लोक जाळं कापून त्याला सोडतात. त्या खारव्यांना, म्हणजे तिथल्या मच्छीमारांना, नमस्कार. डॉलर मात्र आम्ही धिगुरात मोजले.

बाकीचे दिवस छान गेले, वाळू होती, सकाळी रोशी (पोळी) आणि मासहुनी (ट्यूना-खोबऱ्याचं कालवण) होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शाकाहारी असाल तर गेस्टहाउसला आधी कळवा, इथे ट्यूना सगळ्यातच असतो. शार्कची सहल पहिल्याच दिवशी लावा, म्हणजे हुकली तर पुन्हा जाता येतं. आणि शुक्रवारी परतू नका, त्या दिवशी बोटींच्या वेळा बदलतात.