बकुळीचा बुंधा

एरंडवण्यातला जुना बंगला, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. तिथल्या सूनबाईंनी फोनवर सांगितलेलं काम असं होतं: मागचं अंगण नव्याने आखायचं, लॉन बदलायचं, कोपऱ्यात छोटं कारंजं करायचं, आणि त्या कोपऱ्यातली बकुळ वाळत चाललीय, तेव्हा ती काढून टाकायची. मी म्हटलं, झाड आपल्या आवारातलं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे तसा. आधी मला बघू तरी द्या.

सकाळी साडेसातला मी आणि मामा पोचलो. मामा आमचे माळी, पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. अंगण वरवर देखणं होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून सगळं लेव्हल करून घेतलेलं, मध्ये मेक्सिकन लॉन, कडेने पेव्हर ब्लॉक. पण मोगऱ्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लिंबाचंही तेच.

"खत तर दर महिन्याला घालतो हो आम्ही," सूनबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडून थोडं व्हिनेगर मागून घेतलं आणि लाल मातीच्या ढेकळावर ओतलं. फसफसलं. काळ्या मातीत चुनखडी असते, ती फसफसली तर नवल नाही. पण लाल माती सहसा फसफसत नाही. खुरप्याने वीतभर उकरलं, तर खाली विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, फुटक्या फरश्या. पातळी उचलायला राडारोडा भरून, धुमसाने ठोकून, त्यावर लाल मातीचा थर पसरला होता. चुना-सिमेंट मिसळलेल्या अशा मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. मग दर महिन्याला खत घालून काय होणार? तिथेच फूटभर खोल खड्डा घेतला, पाण्याने काठोकाठ भरला, घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. आणि बकुळीकडे वळलो.

शेंडा वाळलेला होता, पानं विरळ आणि बारीक झाली होती. मला खटकलं ते खोड. जुनं झाड जमिनीला टेकतं तिथे पसरतं, मुळांचे खांदे वर दिसतात. ही बकुळ मात्र रोवलेल्या खांबासारखी सरळ मातीत उतरत होती. मामा खाली वाकून बघत म्हणाले, "ताई, हिला गळ्यापर्यंत पुरलीय."

सूनबाईंना म्हटलं, आजचा दिवस मला द्या, कारंज्याचं उद्या बोलू. त्या थोड्या नाराज झाल्या, पण हो म्हणाल्या. तोवर आजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "धाकटा झाला त्या साली यांनी लावलेली," एवढंच बोलल्या.

मामांनी पहार आणि कुदळ मुद्दाम लांब ठेवली. बाहेरच्या अंगाला फावडं, खोडाच्या हातभर जवळ आलं की फक्त खुरपं, आणि शेवटी नुसते हात. मातीखालची साल काळी पडली होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ. अंगठा दाबला की आत जायचा आणि आंबूस वास यायचा. लॉनला रोज पाणी, म्हणजे ही साल दोन वर्षं ओलीच होती. हवा मिळेना म्हणून झाडाने वरच्या अंगाला केसांसारखी बारीक मुळं काढली होती, आणि करंगळीएवढं एक मूळ खोडालाच विळखा घालून बसलं होतं. मी नखाने साल खरवडत सगळीकडून फिरले. पूर्वेला तपकिरी, तपकिरी, तपकिरी. पश्चिमेला हिरवी! तिथे मी मोठ्याने ओरडलेच.

अकराच्या सुमारास दीड फुटावर मामांच्या खुरप्याला वीट लागली. राडारोड्यातली नव्हे, तिरकी रोवलेली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. जुन्या आळ्याची गोल कड. आणि तिच्या आत बकुळीचा खरा बुंधा, चारी दिशांना पसरलेला. आजी काठी टेकत काठापर्यंत आल्या. बराच वेळ त्या विटांकडेच पाहत होत्या.

खोडापासून चार फूट गोल, दीड फूट खोल. पाऊण ब्रास, म्हणजे पंचाहत्तर घनफूट, भराव निघाला, छोट्या हत्तीत भरून पाठवला. सडकी साल खरवडून काढली, विळख्याचं मूळ कापलं. साल दोन दिवस वाळू दिली आणि मग बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्या पहिल्याच दिवशी दुपारी एक वाजता सकाळचा खड्डा पाहिला होता. पाणी जेमतेम दोन बोटं उतरलं होतं.

तो खड्डा पाहूनच मी आराखडा बदलला. झाड मोकळं करून भोवती खळगा केला, तर पावसाळ्यात तिथे तळं साचणार आणि बकुळ पुन्हा ओलीत उभी. म्हणून खळग्याच्या तळापासून आवाराच्या उतरत्या कोपऱ्यापर्यंत चर खणला, खडी भरली, आणि पाणी निघेल त्या कोपऱ्यात कर्दळ लावली, तिला ओल लागतेच. खळग्याला काळ्या दगडाची सुकी रचाई केली, सिमेंटचा थेंब नाही. सावलीतलं लॉन काढून तिथे नेचे लावले. मोगरा आणि लिंबू उन्हातल्या वाफ्यात हलवले, तिथला राडारोडा पूर्ण उपसून चांगली माती भरून. कारंजं काही झालं नाही. सूनबाईंनीच नंतर तो विषय काढला नाही.

पूर्वेकडच्या तीन फांद्या वाचल्या नाहीत. पाऊस संपल्यावर त्या कापल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं. पश्चिमेच्या बाजूला मात्र दिवाळीपर्यंत नवी पालवी आली, आणि यंदा उन्हाळ्यात फुलं. आजींना वेचायला खाली उतरता यावं म्हणून मी सहा इंची तीन पायऱ्या ठेवल्या होत्या. त्यांना त्याही उंच पडतात. पुढच्या आठवड्यात मामा तिथे मधले दगड बसवायला जाणार आहेत.