मरीनावर सूर्य पाठीमागे मावळतो

आम्ही रत्नागिरीकडची माणसं. संध्याकाळी समुद्रावर जायचं ते सूर्य बुडताना बघायला, हे डोक्यात इतकं पक्कं की चेन्नईच्या मरीनावर पोचल्यावरही मी सवयीने पाण्याकडे तोंड करून सूर्य शोधू लागलो. बायको हसत म्हणाली, "अहो, मागे बघा." तो आपला प्रेसिडेन्सी कॉलेजच्या लाल इमारतीमागे उतरत होता. बंगालचा उपसागर पूर्वेला, हे शाळेत पाठ केलं होतं; पायांना कुठे ठाऊक!

चेपॉक स्टेशनला उतरून चालत आलो होतो. रस्ता ओलांडला आणि वाळू सुरू झाली, ती संपेचना. गिरगाव चौपाटीवर चपला हातात घेईपर्यंत पाणी येतं. इथे पाण्याशी पोचेस्तोवर दमछाक. ही एवढी वाळू मूळची नव्हे. उत्तरेला 1870च्या दशकात मद्रास बंदराचं बांधकाम सुरू झालं आणि दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वाहत येणारी वाळू त्याच्या भिंतींना अडून इकडे साठत गेली. बंदरापलीकडचा किनारा मात्र समुद्र खात सुटला. मधल्या काळात ग्रँट डफ या गव्हर्नरने इथे फिरायला रस्ता केला आणि सिसिलीच्या आठवणीने त्याला 'मरीना' नाव दिलं.

आता त्या वाळूवर रोजची जत्रा असते. हाताने फिरवायचे पाळणे, बंदुकीने फुगे फोडणं, घोडे, शंखांची दुकानं. आणि सगळ्यांवर वरताण एक आरोळी: "तेंगा, मांगा, पट्टाणी सुंडल!" म्हणजे खोबरं, कैरी आणि उकडलेले वाटाणे. कागदाच्या पुडीत गरमागरम. भेळेवर माझं अतोनात प्रेम आहे, पण समुद्राच्या वाऱ्यात सुंडल जास्त जमतं, हे कबूल करतो. भेळ निम्मी उडून जाते. पुढच्या गाडीवर लांबलचक मिरच्यांची भजी तळत होते. मी "भजी" म्हटलं, त्याने "बज्जी" म्हटलं, आमचा व्यवहार झाला. दोन मिरच्या खाल्ल्यावर तिखटाने मला कुठलीच भाषा येईना.

उत्तरेच्या टोकाला नेत्यांच्या समाधी आहेत. तमिळनाडूचे मुख्यमंत्री आणि नाटककार अण्णादुराई यांच्या समाधीपाशी मला आपलं एक नातं आठवलं. त्यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका गाजवली म्हणून गणेशन नावाच्या नटाला द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी 'शिवाजी' म्हटलं, ते नाव जन्माला चिकटलं. शिवाजी गणेशन! त्यांचा पुतळा याच रस्त्यावर होता, 2017 साली हलवला.

नट आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या एमजीआरच्या समाधीवर लोक दगडाला कान लावून बसतात. आत त्यांचं घड्याळ अजून टिकटिकतं म्हणे. मीही लावला. थंडगार दगड आणि भोवतालचा कलकलाट, बाकी काही नाही. शेजारी एक म्हातारी आजी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. खुणेने विचारलं, आला का आवाज? मी मान डोलावली. खोटं बोललो, पण ती इतकी खूश झाली की पुन्हा कान लावून बसली.

पाण्यात मात्र कुणी पोहत नाही. ओढ भारी आहे, शिट्ट्या वाजवून पोलीस मागे हटवतात. तरी साड्या घोट्यापर्यंत उचलून बायका लाटेत उभ्या होत्या, लाट आली की सामुदायिक किंचाळी.

अंधार पडला तसं बायकोला म्हटलं, चला, बघायचं ते झालं. आमच्याकडे सूर्य बुडाला की लोक उठतात. इथे कुणी उठेना. त्या दिवशी पौर्णिमा होती, माझ्या लक्षातही नव्हतं. सगळी वाळू पाण्याकडे तोंड करून बसलेली, आणि मग लाटांच्या रेषेवर आधी नारिंगी डाग दिसला, तांब्याच्या परातीएवढा झाला, आणि चंद्र समुद्रातून सावकाश वर आला. मी खाली बसलो. सुंडलवाल्याला हाक मारली.