एक चिठ्ठी खालच्या कप्प्यात

२३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेची मतमोजणी. आमच्या मतदारसंघातल्या एका केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मतदान यंत्राला जोडलेले छपाईयंत्र प्रत्येक मतामागे छापते त्या) मोजून झाल्या तेव्हा क्रमांक ३ च्या उमेदवाराला यंत्रापेक्षा एक मत कमी पडत होते आणि क्रमांक ९ ला एक जास्त. यंत्रात २९७ आणि ४०, चिठ्ठ्यांत २९६ आणि ४१. एकूण बेरीज मात्र दोन्हीकडे ८१२, म्हणजे केंद्राध्यक्षांनी नमुना १७-सी वर, केंद्राच्या मतांच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिली होती तीच. फरक कशामुळे पडला ते थोड्याच वेळात कळले. पण तो शोधत असताना एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही.

चिठ्ठ्यांची मोजणी आमच्या कामातला सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग आहे, म्हणून तो आधी सांगतो. यंत्रांच्या सगळ्या फेऱ्या संपल्या की कोणत्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या याची सोडत निघते. प्रत्येक केंद्राचे एक कार्ड, पोस्टकार्डाएवढे पांढरे, त्यावर इंचभर उंचीच्या काळ्या आकड्यांत केंद्र क्रमांक. प्रत्येक कार्ड प्रतिनिधींना दाखवायचे, चार घड्या घालायच्या, डब्यात टाकायचे, डबा हलवायचा आणि ५ कार्डे काढायची. आमच्याकडे ३४० च्या आसपास केंद्रे. नुसती कार्डे दाखवून घड्या घालायलाच बराच वेळ जातो आणि इथेच लोक कंटाळतात. माझ्या एका सहकाऱ्याने ‘दाखवली असे धरू’ म्हणून पाहिले. अशा घाईतूनच पुढे सहा महिने पुरणारे संशय तयार होतात, म्हणून मी एकही कार्ड सोडू दिले नाही.

काढलेल्या केंद्रांची व्हीव्हीपॅट यंत्रे स्ट्राँगरूममधून येतात. मोजणीच्या टेबलांपैकीच एकाभोवती जाळी लावून बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारखी जागा केलेली असते. आत कर्मचारी, बाहेर प्रतिनिधी, समोर व्हिडिओ कॅमेरा. यंत्राचा क्रमांक यादीशी जुळवायचा, सील दाखवायचे, मग पेटी उघडायची. पाचही केंद्रे एकाच टेबलावर, एकामागून एक. एका केंद्राला साधारण तास लागतो.

चिठ्ठी ५६ मिलिमीटर रुंद आणि ९९ मिलिमीटर लांब, थर्मल कागदाची. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह. मतदाराला ती काचेतून ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते. पेटीतून निघतात तेव्हा चिठ्ठ्यांना रिळाचा बाक असतो आणि दोन-दोन एकमेकींत अडकलेल्या असतात. त्या एकेक सुट्या करून सपाट कराव्या लागतात. नोटा मोजतात तशा अंगठ्याने सरकवल्या की चूक झालीच. शिवाय सगळ्या चिठ्ठ्या मतांच्या नसतात. यंत्र सुरू होताना स्वयंचाचणीच्या ७ चिठ्ठ्या छापल्या जातात. मतदान चालू असताना कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मते साठवणारा भाग, बंद करून पुन्हा सुरू करावे लागले असेल तर आणखी ७. त्या बाजूला काढायच्या.

खरी भीती मॉक पोलच्या चिठ्ठ्यांची. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून यंत्र तपासतात. नंतर ‘क्लोज, रिझल्ट, क्लिअर’ या क्रमाने बटणे दाबून कंट्रोल युनिटमधली मते पुसायची, पेटीतल्या चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारायचा आणि जाड काळ्या पाकिटात सील करायच्या. पहाटे उठून, अपुऱ्या झोपेत, मतदार दाराशी रांग लावून उभे असताना केंद्राध्यक्ष यातली एक पायरी विसरला की मोजणीच्या दिवशी ५० चा फरक समोर येतो. बाहेरच्यांना वाटते यंत्राशी छेडछाड झाली. आत बसलेल्याला तो आकडा पाहताच कळते, पण नुसत्या सांगण्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

आमच्या केंद्रावर तसले काही नव्हते. ११ उमेदवार आणि ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) मिळून १२ कप्पे, सहा-सहाच्या दोन ओळी. क्रमांक ३ च्या बरोबर खाली क्रमांक ९. दोघांचे नाव आणि आडनाव एकच, फरक वडिलांच्या नावाचा. एकाच नावाचे अपक्ष उभे करण्याची आपल्याकडची रीत मतदाराला जशी फसवते तशी मोजणाऱ्यालाही. नाव वाचून कप्प्यात टाकणाऱ्या सहायकाचा हात एकदा खाली गेला. २५-२५ चे गठ्ठे बांधतात, म्हणून ९ चा एक गठ्ठा आणि वर १६ सुट्या चिठ्ठ्या होत्या. मी ४१ च्या ४१ चिठ्ठ्या एकेक करून जाळीपाशी धरायला लावल्या, नाव न वाचता चिन्ह आणि क्रमांक मोठ्याने म्हणत. गठ्ठ्याच्या मधोमध क्रमांक ३ ची चिठ्ठी निघाली. कॅमेऱ्याला दाखवली, प्रतिनिधींना दाखवली, वरच्या कप्प्यात ठेवली. मग बाराही कप्पे पुन्हा मोजले. सगळे जुळले.

बाहेर तेव्हा दोनच प्रतिनिधी उरले होते. त्यांतले एक निवृत्त शिक्षक, हरलेल्या उमेदवाराचे. ते म्हणाले, “साहेब, चिठ्ठी सापडली हे पाहिलं मी. पण यंत्राचा आकडा तुमच्यासमोर होता म्हणून तुम्ही शोधलीत. तो नसता तर २९६ च लिहिले असते ना?”

मी त्यांना नियम सांगितला. चिठ्ठ्या आणि यंत्र जुळले नाहीत तर चिठ्ठ्या पुन्हा मोजायच्या, आणि आकडा यंत्राशी किंवा आधीच्या एखाद्या चिठ्ठीमोजणीशी जुळेपर्यंत मोजत राहायचे. म्हणजे दुसऱ्यांदाही २९६ आले असते तर २९६ च धरले असते. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ५६-डी स्पष्ट आहे: तफावत राहिली तर कागदी चिठ्ठी खरी, यंत्र नाही. सरांनी ऐकून घेतले. म्हणाले, “ते ठीक. पण जुळलं तेव्हा थांबायचं आणि नाही जुळलं तर पुन्हा मोजायचं, हे एकाच बाजूला झुकलेलं नाही का?”

आहे. जे केंद्र पहिल्या झटक्यात जुळते त्याची दुसरी मोजणी होत नाही. मोजणाऱ्याला उत्तर आधी माहीत असेल तर त्याचा हात नकळत त्या उत्तराकडे वळतो. यात कोणाची बदमाशी नसते. कुठल्याही तपासणीत हा दोष धरला जातो, आपल्या तपासणीत मात्र तो रचनेतच आहे. २०१९ च्या मे महिन्यात विरोधी पक्षांनी चिठ्ठ्या आधी आणि यंत्रे नंतर मोजा अशी मागणी केली होती. निवडणूक आयोगाने ती नाकारली.

पाच हा आकडाही लोकांना पटत नाही. ८ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मतदारसंघामागे १ वरून ५ केला, आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. गणित दोन्ही बाजूंनी बोलते. राज्यभरात २८८ मतदारसंघांतली १४४० यंत्रे तपासली जातात. राज्यातल्या १ टक्का यंत्रांत गडबड असेल तर त्यांतले एकही या सोडतीत न सापडणे जवळजवळ अशक्य. पण एकाच मतदारसंघातल्या ३४० पैकी १० यंत्रे बिघडलेली असतील तर ५ कार्डांत ती सगळी सुटण्याची शक्यता १०० पैकी ८६. विजयाचा फरक ५०० मतांचा असो की ५०,००० चा, कार्डे ५ च. चुरशीच्या लढतीत जास्त आणि एकतर्फी लढतीत कमी, असे व्हायला हवे.

लोकांचे प्रश्न मूर्खपणाचे असतात असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांवर माझा राग आहे. मोजणीच्या दिवशी सकाळी एकाने विचारले, दिवसभर चाललेल्या यंत्राची बॅटरी ९९ टक्के कशी? “आयोगाला विचारा,” असे उत्तर मिळाले. खरे उत्तर दोन वाक्यांचे आहे: बॅटरीचा दाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडद्यावर ९९ च दिसते. त्याखाली उतरला की खरी टक्केवारी दिसू लागते. एवढे सांगितले की माणूस वाद घालतो किंवा गप्प बसतो, पण अपमान घेऊन घरी जात नाही.

डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकांवर पुन्हा मतदान करायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झाले नाही. तसे मतदान कायद्याने निरर्थक होते हे खरे. पण केंद्राच्या चिठ्ठ्या मोजून घेण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो, आणि तो निकाल जाहीर होण्याआधीच करावा लागतो, हे किती प्रतिनिधींना माहीत असते? अधिकारी कारण नोंदवून तो फेटाळू शकतो, पण अर्ज तर हवा. निकाल लागला की चिठ्ठ्या मोजून घ्यायला उरते ती ४५ दिवसांच्या आत करायची उच्च न्यायालयातली याचिका. प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात त्यांना चहा मिळतो, पास मिळतो. नियम ५६-डी कोणी वाचून दाखवत नाही.

आमच्या हातातल्या तक्त्यात रकाने होते यंत्राची मते, चिठ्ठ्यांची मते आणि तफावत यांचे. पहिल्या मोजणीला जागाच नव्हती. सरांनी २९६ आणि ४१ हे आकडेही लिहा असा आग्रह धरला. निरीक्षकांना विचारून ते खाली मोकळ्या जागेत लिहिले, कारणासह, आणि दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. पुढे आयोगाने जाहीर केले की राज्यातल्या १४४० व्हीव्हीपॅटमध्ये एकही तफावत नाही. ते बरोबरच आहे. पण त्यांतली किती पहिल्या मोजणीत जुळली आणि किती दुसऱ्या, हेही सांगितले असते तर त्या आकड्याला जास्त वजन आले असते.

मला करून पाहायचे आहे ते असे. चिठ्ठ्या मोजणारे कर्मचारी यंत्रांच्या मोजणीत नसलेले घ्यायचे. १७-सी चा निकालाचा भाग त्यांच्या टेबलावर ठेवायचा नाही. पहिली मोजणी शाईने लिहून सह्या घ्यायच्या आणि मगच यंत्राचा आकडा वाचायचा. अडचण एवढीच की प्रतिनिधींच्या वहीत तो आकडा फेरीतच उतरलेला असतो, आणि जाळीबाहेरून कोणी तो मोठ्याने म्हटला तर सगळी मेहनत वाया. टेबलावर लक्ष ठेवायला नेमलेल्या सूक्ष्म निरीक्षकाला तेवढ्यासाठी जाळीपाशी उभे करावे, की प्रतिनिधींच्या वह्याच मोजणी होईस्तोवर पाकिटात घालाव्यात, यावर मी अजून विचार करतो आहे. वह्या काढून घेतल्या तर त्यातूनच नवा संशय उभा राहील, असे सरांचे म्हणणे पडले.